दोन टेपरेकॉर्डर आणि एक गिटार

तंबोऱ्याच्या सुरावर आपल्या घरांतले कान पिढ्यान्‌पिढ्या घडले आहेत. त्यामुळे परदेशी संगीतात दीर्घ, अखंड नाद ऐकू आला की 'हे मूळचे आपलेच' असे म्हणण्याचा मोह होतो. नोव्हेंबर 1973 मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने हा मोह तपासून पाहावासा वाटतो. तिचे नाव 'नो पुसीफूटिंग'. कलावंत रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो.

फ्रिप हे 'किंग क्रिम्सन' या रॉक समूहाचे गिटारवादक, तर ईनो तेव्हा 'रॉक्सी म्युझिक'मध्ये. 8 सप्टेंबर 1972 रोजी फ्रिप गिटार घेऊन ईनो यांच्या लंडनच्या घरी गेले. तेथे रेव्हॉक्सचे दोन टेपरेकॉर्डर एकमेकांना जोडलेले होते. पहिल्यावर मुद्रित झालेली फीत तशीच पुढे दुसऱ्यावर जाई. दुसऱ्यावर वाजलेला आवाज पुन्हा पहिल्याकडे पाठवला जाई व नव्या वादनासह मुद्रित होई. छेडलेला सूर काही सेकंदांनी परत येई, नव्या सुरात मिसळे आणि दर फेरीला थोडा क्षीण होत विरून जाई. विलंब किती, हे यंत्रांमधील अंतरावर ठरते. सेकंदाला 19 सेंटिमीटर वेगाच्या फितीला एक मीटर जायला सुमारे पाच सेकंद लागतात. अशा रीतीने एकाच गिटारीचे थरावर थर चढले. 'द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन' ही सुमारे 21 मिनिटांची रचना तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. दुसऱ्या बाजूचे ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1973 मध्ये झाले.

ठेका नाही, शब्द नाहीत. रॉकच्या श्रोत्यांना हे अनोळखी होते. बीबीसीवर जॉन पील यांच्या कार्यक्रमात तर फीत उलटी वाजली! 2008 च्या नव्या आवृत्तीत त्या उलट्या रूपांनाही जागा मिळाली. अशा संगीताला 'अँबियंट' हे नाव ईनो यांनी 1978 मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेवर छापले.

आता मूळ प्रश्न. दोन यंत्रांची ही जोडणी अमेरिकन रचनाकार टेरी रायली यांनी आधीच वापरली होती. हेच रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. किराणा म्हटले की बडोद्याच्या दरबारी गायलेले, पुढे मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब आपल्याला आठवणारच. धागा जुळला असे वाटते. पण तारखा पाहाव्यात. पॅरिसमध्ये एका नाटकाच्या संगीतासाठी रायली यांना ही जोडणी करून मिळाली 1963 मध्ये, एका फ्रेंच ध्वनितंत्रज्ञाकडून. प्राणनाथांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले ते 1970 मध्ये. तेव्हा हे यंत्र आपल्या तंबोऱ्यातून निघाले, असे म्हणता येत नाही.

मात्र उलट दिशेचा एक प्रवास मान्य करावा लागतो. फिरून येणाऱ्या सुरांत वर्षे घालवलेला एक माणूस किराण्याच्या गायकाकडे गेला आणि 1996 मध्ये गुरू निवर्तले तोवर शिष्य राहिला. मूळ प्रांतापासून दूर नांदलेल्या आपल्या घरांना आपले कोणते आणि इथे येऊन शिकलेले कोणते, हा हिशेब नेहमीच मांडावा लागतो. तो तारखांनिशी मांडला, तर दोन्ही बाजूंचे ऋण नीट दिसते.