भिंतीवरचा चौक आणि सभासदांची यादी

एखाद्या धंद्याची संस्था स्थापन झाली, कीं कालांतरानें तिचें एक वार्तापत्र निघूं लागतें, आणि त्या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर बहुधा एकच प्रकारचा मजकूर असतो. नवे अध्यक्ष कोण निवडून आले, कार्यकारी मंडळांत कोणाची नेमणूक झाली, कोणत्या शाखेनें किती नवे सभासद मिळविले आणि वर्षभरांत कोण निवर्तले, एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. बाहेरच्या वाचकास हा मजकूर नीरस वाटतो, व तसें वाटण्यांत त्याचा कांहीं दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र अशा पानांकडे पाठ फिरवूं नये. कारण सभासदांची यादी म्हणजे त्या धंद्यानें स्वतःभोंवतीं घातलेलें कुंपण होय. ज्याचें नांव यादींत आलें त्याचें काम ‘व्यवसाय’ या पदवीस चढतें. ज्याचें आलें नाहीं त्याचें काम कितीहि नाजूक व अवघड असलें तरी ‘चालीरीत’ या सदराखालीं पडून राहतें.

घराचा अंतर्भाग शोभिवंत करण्याच्या कलेसंबंधानें हें कुंपण कसें पडत गेलें, हें पाहण्याचा आमचा आजचा हेतु आहे. त्यासाठीं आम्हीं दोन स्थळें समोर ठेवलीं आहेत. एक मुंबई, जेथें या धंद्याच्या संस्था जन्मास आल्या. आणि दुसरें जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख, जेथें ही कला संस्थेवांचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

प्रथम मुंबईची हकीकत घेऊं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली आणि पुढें तिच्यांत वास्तुकलेचेंहि शिक्षण मिळूं लागलें. या विद्येच्या विद्यार्थ्यांनीं १९१७ सालीं एक मंडळ काढलें, व त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुशास्त्रज्ञ जॉर्ज विटेट यांस नेमलें. गेटवे ऑफ इंडिया ज्यांच्या आराखड्यावरून उभा राहिला तेच हे गृहस्थ. १९२२ सालीं या मंडळाचें नांव ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झालें, आणि १९२९ सालीं तेंच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ बनलें. याच संस्थेनें १९३७ सालीं मुंबईच्या टाऊन हॉलांत ‘आदर्श घर’ या विषयाचें प्रदर्शन भरविलें. घराच्या बाह्यांगाइतकेंच त्याच्या अंतरंगालाहि शास्त्र आहे, आणि तें शास्त्र जाणणारा मनुष्य निराळा असतो, ही कल्पना मध्यमवर्गीयांच्या मनांत रुजविण्यास अशा प्रदर्शनांचा मोठाच उपयोग झाला.

पुढें ही कल्पना इतकी बळावली कीं, अंतर्गृहरचनाकारांस आपली वेगळी संस्था असावीसें वाटूं लागलें. १९७२ सालीं ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटीरियर डिझायनर्स’ स्थापन झाली. त्याच वर्षीं संसदेनें वास्तुविशारदांसंबंधीं कायदा केला, व नोंदणीवांचून कोणीं स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेऊं नये असें त्यानें ठरविलें. अंतर्गृहरचनाकारांस असें कायद्याचें कवच मिळालें नाहीं. त्यामुळें त्यांच्या संस्थेस आपली प्रतिष्ठा सभासदांची निवड, शाखांचें जाळें, पारितोषिकें व पदाधिकाऱ्यांचा लौकिक यांच्याच बळावर उभारावी लागली. वार्तापत्रांतून पदाधिकाऱ्यांच्या व सभासदांच्या बातम्यांस एवढें स्थान कां असतें, याचा उलगडा आमच्या मतें येथेंच होतो. ज्या धंद्यास कायद्याची मुद्रा नाहीं, त्यास यादीचीच मुद्रा वापरावी लागते.

आतां मुंबईहून सुमारें दीडशे किलोमीटरांवर असलेल्या जव्हाराकडे वळूं. जव्हार हें महादेव कोळी जमातींतील मुकणे घराण्याचें संस्थान. घराण्याचा मूळपुरुष जयबा, आणि त्याचा पुत्र नीमशहा यास दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ सालीं राजेपणाची मान्यता मिळाली, असें परंपरा सांगते. शेजारचें मोखाडें मात्र इंग्रजी अमलाखालीं ठाणें जिल्ह्यांत मोडत होतें. १९४८ सालीं जव्हार विलीन झालें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाल्यावर हे दोन्ही तालुके त्यांत गेले. संस्थानिकांचा जयविलास राजवाडा जव्हारास आजहि उभा आहे. राजवाड्याच्या दालनांचें वर्णन करावयाचें झालें, तर कोणासहि ‘अंतर्गृहसजावट’ हा शब्द सहज सुचेल. परंतु त्याच मुलुखांतील वारली कुटुंबाच्या झोंपडीची भिंत वर्णावयाची झाली, तर तोच मनुष्य ‘आदिवासी चालीरीत’ असा शब्द योजील. आमचा आक्षेप या शब्दभेदास आहे.

ती भिंत कशी असते तें पाहा. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्यांचा कुड, त्यावर माती व शेण यांचा लेप, आणि त्यावर गेरूचा हात. घरांत उजेड बेताचाच. त्या तांबूस अंधारांत तांदुळाच्या पिठाच्या पाण्यानें, टोंक ठेंचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनें चित्र काढावयाचें. हें काम वर्षांतून वाटेल तेव्हां करावयाचें नसतें. लग्न हा त्याचा मुख्य प्रसंग. सवाष्ण स्त्रिया, म्हणजे तिकडील बोलींत सवासिनी, भिंतीवर लग्नचौक काढतात. मध्यें चौरस, त्याच्या कडांस नक्षीचे पट्टे, आंत पालघट देवी, आणि शेजारच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव. भोंवतीं झाडें, पशुपक्षी, नाचणारीं माणसें, तारपा वाजविणारा. मनुष्याची आकृति म्हणजे टोंकाशीं टोंक लावलेले दोन त्रिकोण व वर एक वर्तुळ. एवढ्या थोड्या रेषांत धांवणें, वांकणें, पेरणें, नाचणें हीं सर्व ओळखूं येतात. हा चौक काढल्यावांचून लग्न लागत नाहीं. आणि लग्नाचे विधि गाण्यांतून चालविणारी धवलेरी ही स्त्रीच असते.

येथें आम्ही वाचकांस जरा थांबण्याची विनंती करतों. ज्या कामास ठरलेलें साहित्य आहे, ठरलेली जागा व वेळ आहे, ज्यांत कोणीं हात घालावा याचा नियम आहे, ज्यांत मुली मोठ्यांच्या शेजारीं बसून शिकतात, आणि ज्यास स्मरणाच्या बळावर नेतृत्व करणारी धवलेरी आहे, त्या कामास संस्था म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें? उणीव एवढीच कीं, या संस्थेनें दप्तर ठेविलें नाहीं. अध्यक्षा झाली, निवर्तली, तिच्या जागीं दुसरी आली. परंतु कोणत्याहि पत्रकांत त्याची नोंद झाली नाहीं. मात्र या जुन्या संस्थेची आम्ही केवळ भलावणच करूं इच्छित नाहीं. तिचेंहि एक कुंपण होतें. सवासिनीचा नियम म्हटला, कीं विधवेचा हात चौकापासून दूर राहिला. वैधव्यानें हाताचें कसब नाहींसें होत नाहीं. पण यादी, मग ती कागदावरची असो वा रूढीची, कोणास तरी बाहेर ठेवतेच.

या भिंतीच्या इतिहासांत एक काळें पानहि आहे, आणि कलेचें कौतुक करणारे लेखक तें बहुधा उलटून पुढें जातात. ज्या लग्नासाठीं हा चौक निघे, त्या लग्नाच्या खर्चासाठीं वारली तरुण सावकार-जमीनदाराकडून कर्ज घेई, आणि तें फेडण्याकरितां नवराबायको दोघेंहि त्याच्या घरीं वेठीस राबत. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज कांहीं शें-पन्नास रुपयांचें, आणि गुलामी कित्येकदां आयुष्याची. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांनीं १९३९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांतील डोंगरी जमातींविषयीं जो अहवाल दिला, त्यांत वेठीचा हा प्रकार नमूद झाला. मंगल म्हणून काढलेल्या चौकासमोर उभी राहणारी जोडी दुसऱ्या दिवसापासून परक्याच्या अंगणांत राबूं लागे, ही गोष्ट ध्यानीं धरल्यावांचून त्या चित्रांतील नृत्याचा आनंद आपणांस पुरता कळला असें म्हणतां येणार नाहीं.

या स्थितीविरुद्ध वारल्यांस सभासद करून घेणारी पहिली मोठी संघटना म्हणजे किसान सभा. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं १९४५ सालीं उंबरगांव व डहाणू तालुक्यांत लढा सुरू झाला. मे महिन्यांत झरी येथें वारल्यांची परिषद भरली. वेठ व लग्नगडीपण नाकारण्याचा निश्चय झाला. आणि ऑक्टोबरांत तलवाडें येथें पोलिसांच्या गोळीबारांत माणसें मेलीं. गोदावरीबाईंनीं पुढें ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या ग्रंथांत ही कथा लिहिली. वेठबिगारीचा सर्व देशास लागू होणारा प्रतिबंधक कायदा मात्र १९७६ सालचा आहे. सभासद होणें या शब्दाचा अर्थ मुंबईच्या सभागृहांत एक आणि वारली पाड्यांवर दुसरा होता, हें यावरून दिसेल. एका ठिकाणीं त्यानें प्रतिष्ठा वाढली. दुसऱ्या ठिकाणीं त्यानें माणूस मोकळा झाला.

मुंबईंत अंतर्गृहरचनाकारांची संस्था निघाली, त्याच सुमारास वारली भिंतीचाहि बाहेरच्या जगाशीं संबंध आला. १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त भास्कर कुळकर्णी हे चित्रकार या भागांत फिरले. मधुबनीच्या स्त्रियांस कागद देण्याच्या कामांत ज्यांचा हात होता तेच हे कुळकर्णी. डहाणू तालुक्यांतील गंजाड येथें त्यांस जिव्या सोमा मशे भेटले. सवासिनींचें काम या पुरुषानें आपलेंसें केलें, आणि लग्नचौकाची चौकट सोडून शेती, मासेमारी, मुंग्या, गोष्टी, असें सारें जग कागदावर व कापडावर आणलें. त्यांस १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. १९८९ सालीं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें लागलीं. २०१८ सालीं ते वारले. मशे यांच्या प्रतिभेविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु इतिहासानें एवढें टिपून ठेवावें कीं, कला भिंतीवरून कागदावर उतरली त्या क्षणीं तिला सही करणारा हात लागला, आणि तो सही करणारा हात बहुतेक वेळां पुरुषाचा होता. भिंतीवर सही नसते. म्हणून भिंतीवरच्या स्त्रियांचीं नांवें मागें राहिलीं.

यानंतरची पायरी कायद्याची. भौगोलिक चिन्हांचा कायदा १९९९ सालीं झाला व २००३ पासून अंमलांत आला. त्या कायद्याप्रमाणें चिन्हाची नोंदणी एकट्या कारागिराच्या नांवें होत नाहीं. उत्पादकांचें हित पाहणारी संस्था किंवा अधिकारी मंडळ लागतें. वारली चित्रकलेची नोंदणी आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून २०१४ सालीं झाली. पण संस्थेचें नांव लागलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. कायद्यानें नोंदवहीचे दोन भाग केले आहेत: एकांत चिन्ह व त्याचा नोंदणीकृत स्वामी, आणि दुसऱ्यांत ‘अधिकृत वापरकर्ते’, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे. हा हक्क विकतां येत नाहीं, गहाण टाकतां येत नाहीं. मात्र वापरकर्त्याच्या मृत्यूनंतर तो त्याच्या वारसाकडे जातो. नोंदणी दर दहा वर्षांनीं नवी करावी लागते. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, ही दुसरी वही म्हणजेच सभासदांची यादी आहे. ज्या समाजांत लग्नासाठीं माणूस गहाण पडत असे, त्याच्या चित्राचा हक्क कायद्यानें गहाण टाकतां येत नाहीं, हा काळाचा फेरा विचार करण्याजोगा आहे.

यावर कोणी म्हणेल, लग्नचौक ही विक्रीची वस्तु नव्हे. तिला व्यवसायाच्या वहींत ओढण्यानें तिचें पावित्र्य जाईल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. चौक विकावा असें आमचें म्हणणें नाहींच. परंतु तोच आकार आज उपाहारगृहांच्या, कचेऱ्यांच्या व दिवाणखान्यांच्या भिंतींवर रंगविला जातो, आणि त्या रंगकामाचा मोबदला कोणी तरी घेतोच. विक्री होऊं लागली ती सवासिनींनीं केली म्हणून नव्हे. मग जिच्या घराण्यानें तो आकार जतन केला, तिनें मात्र पावित्र्य राखीत नांवावांचून राहावें, हा न्याय नव्हे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून ज्या स्त्रिया अद्याप चौक काढतात, त्यांचीं नांवें अधिकृत वापरकर्त्यांच्या वहींत त्यांच्या इच्छेनें चढावींत. आणि त्यांत सवाष्ण व विधवा असा भेद नसावा, कारण कायदा हाताचें काम पाहतो, कपाळाचें कुंकू पाहत नाहीं. मुंबई-पुण्याच्या अंतर्गृहरचनाकारांनीं वारली आकृति योजली, तर चित्र काढणाऱ्याचें नांव आराखड्यावर लिहावें व मजुरी ठरवितांना त्यास रंगारी न समजतां सहव्यवसायी समजावें. त्यांच्या संस्थांनीं आपल्या वार्तापत्रांत नव्या अध्यक्षांच्या शेजारीं एखाद्या वर्षीं एखाद्या धवलेरीचें वृत्त छापलें, तर त्या पानाचा दर्जा कमी होणार नाहीं. घराच्या आंतील भिंतीस अर्थ असतो, हें आमच्या देशांत ज्यांनीं प्रथम जाणलें, त्यांची संस्था १९७२ च्या किंवा १९१७ च्या कितीतरी आधींची आहे. तिची यादी लिहावयाची राहिली आहे, एवढेंच.