करवीरच्या लेकी आणि ग्रंथालयाचे दप्तर

मार्च महिना उजाडला की गावोगावच्या ग्रंथालयांत महिला दिनाची लगबग सुरू होते. व्याख्यान ठरते, ग्रंथप्रदर्शन मांडले जाते, एखाद्या ज्येष्ठ लेखिकेचा सत्कार होतो. कोल्हापुरात अशा कार्यक्रमांना विशेष अर्थ आहे. येथील करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचे. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातील पहिला कायदा 1945मध्ये याच संस्थानाने केला. आणि मुळात येथील गादी एका स्त्रीने स्थापन केलेली. तरीही या कार्यक्रमांत कोणाचे स्मरण होते आणि कोणाचे राहून जाते, याकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

महाराणी ताराबाईंचे स्मरण हटकून होते, आणि ते योग्यच आहे. राजाराम महाराज 1700मध्ये निवर्तल्यावर या तरुण विधवेने औरंगजेबाशी त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सात वर्षे, झुंज दिली. कावळा नाक्यावरचा त्यांचा अश्वारूढ पुतळा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण वक्त्याच्या उपयोगी पडतो तो पुतळा नव्हे. डॉ. आप्पासाहेब पवारांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित केली व शिवाजी विद्यापीठाने ती छापली. म्हणून ताराबाईंवर पुराव्यानिशी बोलता येते. राजघराण्याचे दप्तर जपले जाते. ज्यांना दप्तर नव्हते त्यांचे काय?

रखमाबाई केळवकरांचे उदाहरण घेऊ. मिस लिटल यांच्यानंतर, 1895मध्ये, शाहू महाराजांनी संस्थानातील स्त्रीशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली. मुलगी शाळेत धाडणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानणाऱ्या काळात एका मराठी बाईच्या हाती हे अधिकारपद आले. त्यांची कन्या कृष्णाबाई मुंबईत वैद्यक शिकली, महाराजांच्या साहाय्याने प्रसूतिशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी डब्लिनला गेली आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात रुजू झाली. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे रुग्णालय. पुरुष डॉक्टरासमोर नाडी दाखवायलाही संकोचणाऱ्या किती बायकांची बाळंतपणे त्यांच्या हातून सुखरूप झाली असतील! त्या बायकांपैकी एकीनेही आठवण लिहून ठेवण्याचा प्रश्न नव्हता. बहुतेकींना अक्षरओळखच नव्हती. इतकेच नव्हे, तर रखमाबाई म्हटले की पुष्कळांना आठवतात त्या दादाजी भिकाजी खटल्यातील, पुढे सुरत व राजकोट येथे सेवा केलेल्या डॉ. रखमाबाई. एका नावाच्या सावलीत दुसरी हरवली.

नाव हरवण्याची आणखी एक तऱ्हा आहे. बाबुराव पेंटरांनी 1920च्या 'सैरंध्री'त स्त्रीभूमिकांसाठी पुरुषांना लुगडे न नेसवता गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना उभे केले. त्यांना पडद्यासाठी कमलादेवी, सुशीलादेवी अशी नावे दिली गेली. सिनेमात काम करणारी बाई समाजाच्या दृष्टीने वाया गेलेली होती. बारा वर्षांनी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेही कोल्हापुरातच. सुशिक्षित घरातील स्त्रीला तोवर वाट थोडी मोकळी झाली होती. ती मोकळी करणाऱ्या दोघींना ग्रंथालयाच्या सूचीत शोधायचे ते कोणत्या नावाखाली?

म्हणून आमची सूचना साधी आहे. व्याख्यान अवश्य व्हावे. पण त्याच दिवशी ग्रंथालयाने एक टेबल मांडावे आणि घरोघरच्या जुन्या स्त्रियांचे कागद पाहायला मागवावेत. शिक्षिकेचे नेमणूकपत्र, परिचारिकेचे प्रमाणपत्र, सुईणीने ठेवलेली वही, पोस्टकार्डे. त्यांची प्रत काढून मूळ कागद घरी परत द्यावा, आणि सूचीत त्या बाईचे माहेरचे, सासरचे व प्रचलित अशी तिन्ही नावे नोंदवावीत. यासाठी हारतुऱ्यांइतकाही खर्च येणार नाही. घर बदलताना, वाटणी होताना हेच कागद प्रथम रद्दीत जातात. पुरुषांची खतपत्रे तेवढी पेटीत राहतात.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबेही याला अपवाद नाहीत. शाळांत, दवाखान्यांत हयात घालविलेल्या आत्या, मावश्या आपल्यापैकी कितीतरी घरांत होऊन गेल्या. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव चर्चच्या नोंदवहीत सापडते, पुढचे आयुष्य मात्र एखाद्या समूहचित्रात, मागच्या रांगेत. ते छायाचित्र भिंतीवरून उतरवावे आणि ज्यांना चेहरे ओळखता येतात अशी आजी घरात आहे तोवर, तिला विचारून, मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत. शाईने नको, शाई पुढे उतरते.