शेळी, चीज आणि पनीरफूल

शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात. मुंबईच्या उत्तरेस, मीरा-भाईंदरमधील उत्तन, डोंगरी, तारोडी या पट्ट्यात कोणी दहा शेळ्या पाळल्या आणि करडांना पाजून प्रत्येकीमागे रोज एक लिटर दूध उरले, तर दहा लिटर दूध हाती येईल. हे दूध काही तासांतच विकले गेले पाहिजे; पण त्याचे चीज केले तर ते कित्येक आठवडे टिकते. युरोपात शेळीपालनातून चीजचा धंदा उभा राहिला तो याच गरजेतून. मग शेळ्या उदंड असूनही आपल्याकडे तो का रुजला नाही? दही-तुपाची आपली सवय आणि उष्ण हवा ही कारणे आहेतच. परंतु एक महत्त्वाचे कारण एका विकरात दडलेले आहे.

दूध घट्ट करण्याच्या मुख्य रीती दोन. तापवलेल्या दुधात लिंबू पिळले की पनीर होते. ही आम्लाची रीत. दुसरी रीत विकराची. दुधात केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म पुंजके तरंगत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभारित, केसांसारखे आवरण असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत. वासराच्या किंवा करडाच्या जठरातील कायमोसिन हे विकर हे 'केस' छाटून टाकते. मग कॅल्शियमच्या साहाय्याने पुंजके जोडले जातात आणि दुधाचा लवचिक थर तयार होतो. जठराच्या या अर्काला रेनेट म्हणतात. मुरवायचे बहुतेक चीज रेनेटनेच होते आणि रेनेटसाठी कोवळे वासरू मारावे लागे. आपल्याकडे अडले ते इथे.

याला पर्याय होता का? होता, आणि तो फार जुना होता. तारोडीचा परिसर १५३४ ते १७३९ या काळात ज्या पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता, त्यांच्या मायदेशी 'सेरा दा एस्ट्रेला' हे मेंढीच्या दुधाचे चीज आजही कार्डून या काटेरी वनस्पतीच्या फुलांनी साकळवतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक कोलुमेला यानेही काटेरी फुले, अंजिराचा चीक आणि करडईचे बी यांचा याच कामासाठी उल्लेख केला आहे. कार्डून आणि आपली करडई एकाच, म्हणजे सूर्यफुलाच्या, कुळातील आहेत!

भारतीय उपखंडातही अशी वनस्पती होती. सिंध प्रांत मुंबई इलाख्यात असताना तेथे काम करणाऱ्या जॉन एलर्टन स्टॉक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये एका झुडपाची नोंद केली. त्याच्या फळांनी स्थानिक लोक दूध साकळवीत. 'पनीर' या शब्दावरूनच त्याने झुडपाला 'पुनीरिया' हे नाव दिले. हेच आपले पनीरफूल. अश्वगंधेचे जवळचे भावंड. भारतात प्राणिज रेनेटला धार्मिक विरोध असल्याने येथील चीजसाठी वनस्पतिज पर्यायाचा शोध सुरू झाला. १८८३ मध्ये शेरिडन ली या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पनीरफुलाच्या बियांतील विकर मिठाच्या पाण्यात उतरवून ते रेनेटचे काम करते, हे दाखवून दिले.

तरीही मोठा धंदा उभा राहिला नाही. अनेक वनस्पतिज विकरे प्रथिनांचे हवे त्याहून अधिक तुकडे करतात, त्यामुळे मुरताना चीज कडवट होऊ शकते. पुढे बुरशीपासून रेनेट मिळू लागले. १९९० मध्ये जनुक-अभियांत्रिकीने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. वासराची अडचण अशी दूर झाली.

आता उरले शेळीचे दूध. बऱ्याच शेळ्यांच्या दुधात केसीनचा एक प्रकार कमी असल्याने त्याचा थर नाजूक होतो. कठीण चीज करायचे तर दहा लिटरांतून जेमतेम एक किलो हाती येते. मऊ, ताजे चीज अधिक निघते आणि ते महिनोन् महिने मुरवावेही लागत नाही. लहान धंद्याला तेच सोयीचे. जातीची निवडही महत्त्वाची. उस्मानाबादी शेळी मुख्यतः मांसासाठी पाळतात. दुधासाठी सुरती अधिक उपयोगी.

एक इशारा मात्र इतिहासच देतो. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ ताप येई. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांना तो निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत आढळला. सैनिकांचे शेळीचे दूध बंद होताच ताप ओसरला. म्हणून चीजसाठी दूध आधी ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून थंड केलेच पाहिजे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. असे तापवून ३५ अंशांपर्यंत निववलेले दूध तीन पेल्यांत घ्यावे. एकात लिंबाचा रस, दुसऱ्यात अंजिराच्या देठाच्या चिकाचे काही थेंब घालावेत. तिसरा तसाच ठेवावा. चीक त्वचेला झोंबतो, तेव्हा शिक्षकांनीच तो हाताळावा आणि कोणीही दूध चाखू नये. कोणत्या पेल्यात दाणे होतात, कोणत्यात सलग थर येतो, किती मिनिटांत, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. ली यांनी बियांच्या अर्काला विचारलेला प्रश्न याच जातीचा होता.