‘गिनी’ मोडण्यापूर्वी : इंग्रजी सुवर्णनाण्यांची किंमत, लिलाव आणि कायदा

भिलाई (छत्तीसगड) : पोलाद कारखान्याच्या निमित्ताने भिलाईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची आता दुसरी-तिसरी पिढी येथे नांदते आहे. त्याआधीही दुर्ग जिल्हा मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भाशी येथील घरांचे नाते जुने आहे. अशा घरांत वडिलोपार्जित दागिन्यांची वाटणी होते, तेव्हा पाटल्या आणि पोहेहारांबरोबर कधी राजाराणीची छबी असलेले सोन्याचे नाणेही निघते. घरात त्याला ‘गिनी’ म्हणतात. बहुतेक वेळा ते सराफाच्या तराजूवर जाते, वजनाचे पैसे येतात आणि नाणे मुशीत वितळते. हा व्यवहार कधी योग्य ठरतो, तर कधी त्यात मोठे नुकसान होते. फरक कशाने पडतो आणि कायदा काय सांगतो, याची ही माहिती.

गिनी आणि सॉव्हरिन

मूळ गिनी हे इंग्लंडमध्ये १६६३ ते १८१४ या काळात पाडले गेलेले नाणे होय. पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून येणाऱ्या सोन्यावरून त्याला हे नाव मिळाले. १७१७ मध्ये त्याचे मूल्य २१ शिलिंग ठरले. ईस्ट इंडिया कंपनीने पुरवलेल्या सोन्याच्या काही गिन्यांवर दुसऱ्या जॉर्ज राजाच्या छबीखाली कंपनीची आद्याक्षरे आढळतात. १७२९ ची पाच गिन्यांची नाणी याच प्रकारातील असून संग्राहकांमध्ये त्यांना मोठी मागणी असते.

भारतीय घरांत ज्याला गिनी म्हटले जाते, ते नाणे मात्र बहुधा सॉव्हरिन असते. १८१६ च्या नाणे कायद्यानंतर १८१७ पासून हे एक पौंडाचे नाणे चलनात आले. त्याचे वजन ७.९९ ग्रॅम, शुद्धता २२ कॅरट आणि व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम भरते. एका बाजूला राजा किंवा राणीची छबी आणि दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून अजगराचा वध करणारा सेंट जॉर्ज असतो. हे चित्र बेनेडेट्टो पिस्त्रुची या इटालियन कलावंताने कोरले. अर्ध्या सॉव्हरिनचे वजन याच्या निम्मे असते.

भारतात १८९९ मध्ये सॉव्हरिनला १५ रुपये दराने कायदेशीर चलनाचा दर्जा मिळाला. १९२० मध्ये हा दर १० रुपये झाला आणि १९२७ च्या कायद्याने चलनाचा दर्जा संपला. तोपर्यंत हे नाणे बचत, आहेर आणि स्त्रीधन म्हणून घरोघर रुजले होते. केरळ आणि तमिळनाडूत आजही सोन्याचा भाव आठ ग्रॅमच्या ‘पवन’ अथवा ‘सवरन’ या मापात सांगितला जातो. ते माप याच नाण्यावरून आले.

मुंबईच्या टांकसाळीचे नाणे

भारताशी थेट संबंध असलेले सॉव्हरिन एकाच वर्षाचे आहे : १९१८. पहिल्या महायुद्धात भारतातून ब्रिटनला मोठा माल जात होता, रुपयांची मागणी वाढली होती आणि चांदी अपुरी पडत होती. याच काळात सरकारने प्रथमच एक रुपयाच्या आणि अडीच रुपयांच्या नोटा काढल्या. हाती असलेल्या सोन्याचीच नाणी पाडण्यासाठी मुंबईत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडण्यात आली.

लंडनहून साचे येईपर्यंत मुंबईच्या टांकसाळीने सॉव्हरिनच्याच वजनाची आणि शुद्धतेची १५ रुपयांची सुवर्ण मोहोर पाडली. तिची संख्या सुमारे २१ लाख होती. त्यानंतर ऑगस्ट १९१८ पासून सॉव्हरिन पडू लागले. सुमारे १३ लाख नाणी तयार झाली आणि १९१९ मध्ये शाखा बंद झाली. या नाण्यांवर सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, सालाच्या वरच्या बाजूस जमिनीच्या रेषेवर, ‘आय’ हे बारीक रोमन अक्षर असते. ‘इंडिया’ या शब्दाचे ते आद्याक्षर. ते नीट पाहण्यासाठी भिंग लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०१३ पासून एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने रॉयल मिंटच्या परवान्याने भारतात पुन्हा सॉव्हरिन पाडले आणि त्यांवरही ‘आय’ हेच चिन्ह आहे. त्यामुळे अक्षराबरोबर साल पाहणे अनिवार्य ठरते.

एका अक्षराचे मोल

सॉव्हरिन लंडनखेरीज सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया आणि मुंबई येथे पाडले गेले. टांकसाळीच्या चिन्हामुळे किंमत कशी बदलते, याचे १९२२ हे साल उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी पर्थला सुमारे २३ लाख नाणी पडली. ती आजही सहज मिळतात आणि सोन्याच्या भावाच्या जवळपास विकली जातात. त्याच वर्षीची मेलबर्न आणि सिडनीची नाणी मात्र दुर्मिळ मानली जातात. छबी, वजन आणि सोने सारखेच. फरक केवळ ‘पी’, ‘एम’ आणि ‘एस’ या अक्षरांचा.

किती नाणी पाडली, यापेक्षा किती उरली, हे महत्त्वाचे असते. १९१७ मध्ये लंडनला दहा लाखांहून अधिक सॉव्हरिन पडले. परंतु युद्धकर्जाच्या फेडीत त्यांपैकी बहुतेक अमेरिकेला गेले आणि वितळवले गेले. म्हणून ते दुर्मिळ आहेत. १८१९ चे लंडनचे आणि १९२० चे सिडनीचे सॉव्हरिन तर जगातील मोजक्याच संग्रहांत आढळतात. भारतातही १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि मंदीने गांजलेल्या कुटुंबांनी विकलेले सोने मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. जुने असणे म्हणजे दुर्मिळ असणे नव्हे. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या काळातील बहुसंख्य सॉव्हरिन सामान्य आहेत. १९१८ च्या मुंबईच्या नाण्याला सोन्यापेक्षा अधिक किंमत मिळते. परंतु ती कोटींच्या घरातली नसते. १९२५ साल असलेली लंडनची अनेक नाणी तर प्रत्यक्षात १९४९ ते १९५२ या काळात जुन्या सालाने पुन्हा पाडलेली आहेत.

लिलाव कसा चालतो

संग्राहक नाण्याची किंमत चार गोष्टींवरून ठरवतात : साल, टांकसाळ, प्रकार आणि अवस्था. अवस्थेसाठी १ ते ७० गुणांची श्रेणी वापरली जाते. एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकी संस्था नाणे तपासून, गुण देऊन मोहोरबंद डबीत ठेवतात. गुणांच्या थोड्याशा फरकानेही दुर्मिळ नाण्याची बोली कित्येक पटींनी बदलू शकते.

लिलावगृह प्रत्येक नाण्याची छायाचित्रांसह सूची काढते, अंदाजित किंमत देते आणि विक्रेत्याशी किमान किंमत ठरवते. अंतिम बोलीवर खरेदीदाराकडून अधिभार घेतला जातो आणि विक्रेत्याच्या रकमेतून दलाली वजा होते. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या काळातील सोन्याची पेनी लंडनच्या स्पिंक या लिलावगृहात विकली गेली. डेव्हन परगण्यातील शेतात धातुशोधकाच्या साहाय्याने सापडलेल्या या तेराव्या शतकातील नाण्यावर ५,४०,००० पौंडांची बोली लागली. अधिभार धरून खरेदीदाराने ६,४८,००० पौंड मोजले. ठळक बातम्यांत येणारा आकडा आणि विक्रेत्याच्या हाती पडणारी रक्कम यांत असे अंतर असते. सिंहासन सोडलेल्या आठव्या एडवर्डचे १९३७ चे, चलनात कधीच न आलेले सॉव्हरिन २०२० मध्ये दहा लाख पौंडांना विकले गेले. हे आकडे अपवादाचे आहेत. घरातील गिनीसाठी ते मोजमाप ठरत नाहीत.

भारतात मुंबईचे टोडीवाला ऑक्शन्स, बेंगळुरूचे मरुधर आर्ट्स आणि अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी ही नाण्यांच्या लिलावांसाठी परिचित नावे आहेत. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय उपयुक्त ठरते.

कायद्याची चौकट

प्राचीन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुने कोणतेही नाणे ‘प्राचीन वस्तू’ ठरते. १९१८ चे मुंबईचे सॉव्हरिन २०१८ मध्येच या मर्यादेत आले आणि दर वर्षी त्यात एकेका सालाची भर पडते. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेलाच आहे. उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे. त्यामुळे परदेशातील नातेवाइकांमार्फत लंडनच्या लिलावात नाणे पाठवण्याचा विचार थेट गुन्ह्याकडे नेऊ शकतो. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याकडे परवाना असणे बंधनकारक आहे.

जमिनीत किंवा जुन्या भिंतीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कोणी मालक सिद्ध झाला नाही, तर शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात तीन-चतुर्थांश व एक-चतुर्थांश अशी विभागणी होऊ शकते. सरकारने निधी स्वतःकडे घेतल्यास धातूचे मूल्य आणि त्याचा एक-पंचमांश इतकी रक्कम दिली जाते. गुजरातमधील बिलिमोरा येथे जुने घर पाडताना मजुरांना सापडलेल्या पाचव्या जॉर्जच्या सुवर्णनाण्यांचे प्रकरण २०२३ मध्ये दोन राज्यांच्या पोलिस तपासापर्यंत गेले. वेळेत दिलेली सूचना गरीब शोधकाचाही हिस्सा सुरक्षित ठेवते. लपवलेला निधी मात्र त्याला आरोपी बनवतो.

फसवणुकीचा धोकाही वाढला आहे. जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव मिळवून देण्याच्या नावाखाली आधी शुल्क, कर किंवा दलाली मागितली जाते. रिझर्व्ह बँकेचे नाव यासाठी वापरले जात असल्याचे निदर्शनास आल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले. अशा व्यवहारात बँकेचा कोणताही सहभाग नसतो आणि ती असे शुल्क आकारत नाही, हे तिने स्पष्ट केले आहे.

विकण्यापूर्वी काय पाहावे

• नाणे घासू नये, चिंच, रिठा किंवा ब्रशने उजळू नये. मूळ झळाळी गेल्यास संग्राहकाच्या दृष्टीने मोल घटते. माळेत ओवण्यासाठी डाख देऊन कडी लावलेले नाणेही बहुधा सोन्याच्या भावानेच जाते.

• भिंगाखाली साल आणि टांकसाळीचे अक्षर पाहावे. दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे.

• वजन तपासावे. झिजेमुळे ते किंचित कमी भरू शकते. गेल्या शतकात बैरूतसह अनेक ठिकाणी बनावट सॉव्हरिन तयार झाले. त्यांतील काहींत सोने पुरेपूर असते. म्हणून केवळ कसोटीवरचा कस खरेपणा सिद्ध करत नाही.

• सोन्याचे किमान मूल्य स्वतः काढावे. हिशेबासाठी २२ कॅरटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर पूर्ण वजनाच्या सॉव्हरिनचे मूल्य सुमारे ७९,९०० रुपये होते. याहून कमी रक्कम सांगितल्यास घटीचे कारण विचारावे.

• किमान दोन जाणकारांचे मत घ्यावे, पावती जपावी आणि विक्रीतील नफ्यावरील आयकराचा सल्ला आधीच घ्यावा.

सामान्य सालाचे, झिजलेले किंवा कडी लावलेले नाणे गरजेच्या वेळी सराफाकडे मोडण्यात गैर काही नाही. आजीने ते अडीनडीसाठीच जपलेले असते. मात्र मुशीत गेलेले दुर्मिळ नाणे परत मिळत नाही. साल आणि अक्षर वाचण्यासाठी लागणारी दहा मिनिटे त्याआधीच खर्च करायला हवीत.