उभ्या विमानाचे मोल

१ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ विमान कंपन्या सरकारी मालकीच्या झाल्या आणि त्यांतून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ उभे राहिले. महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेली डाकोटा विमाने घेऊन अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या होत्या. उतारू थोडे आणि परवाने फार, अशी स्थिती झाली. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या तर आधीच मोडीत निघाल्या. उरलेल्यांची प्रकृती तपासण्यासाठी १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. कंपन्यांनी आपण होऊन एकत्र यावे, असा समितीचा कल होता. ते घडले नाही. तेव्हा सरकारने कायदा केला. या व्यवहारात महामंडळाच्या पदरी ९९ विमाने पडली. दुरुस्तीच्या कर्मशाळा आणि अनुभवी माणसेही आली. धंदा बुडता होता हे खरे. परंतु विकत घेण्याजोगी वस्तू डोळ्यांसमोर उभी होती.

पुढे अर्धशतक विमान हे श्रीमंतांचे वाहन, ही समजूत कायम राहिली. ही समजूत किती दृढ होती, हे लहान गावांतच कळते. नर्मदेच्या उत्तर तीरावरील नेमावरचे उदाहरण घ्यावे. सिद्धेश्वराच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव एके काळी होळकरांच्या राज्यात होते. येथून आगगाडी गाठावयाची तर नदी ओलांडून हरद्याला जावे लागते. विमान हवे असल्यास इंदूर किंवा भोपाळ. अशा गावच्या माणसाने मुंबईला विमानाने जाण्याचा विचारही कशाला करावा? कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ साली स्वल्प भाड्याची विमाने उडविली आणि असा विचार प्रथमच शक्य कोटीतला झाला. २००५ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या वाडिया समूहाची गो एअर याच वाटेने निघाली. २०२१ साली तिने गो फर्स्ट हे नाव घेतले.

स्वस्त तिकिटामागचे गणित साधे असते. विमाने एकाच जातीची ठेवावयाची, म्हणजे सुटे भाग आणि शिक्षण यांचा खर्च वाचतो. जेवणखाण फुकट द्यावयाचे नाही. विमान उतरले की अर्ध्या तासात पुन्हा उडाले पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमाने विकत न घेता भाड्याने आणावयाची. त्यामुळे थोड्या भांडवलात मोठा ताफा उभा राहतो. मात्र या सोयीच्या पोटातच धोका दडलेला असतो. उडते विमान मिळवून देते. उभे विमान काही मिळवीत नाही, आणि त्याचे भाडे मात्र चुकत नाही.

गो फर्स्टवर तीच पाळी आली. करोनाच्या साथीने कंबर मोडलीच होती. त्यात प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने वेळेवर न मिळाल्यामुळे निम्मा ताफा जमिनीवर राहिला, असे कंपनीने सांगितले. इंजिनकर्त्यांनी हा आरोप नाकारला. २ मे २०२३ रोजी कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची विमाने थांबली. एकूण देणे ११,४६३ कोटी रुपयांचे होते.

१० मे रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज स्वीकारला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा हेतू असा की, कंपनीला थोडी उसंत मिळावी, धनकोंनी तेवढा वेळ हात आवरावा आणि तोवर नवा मालक शोधावा. गिऱ्हाईक अगदीच आले नाही असे नव्हे. जिंदल पॉवरने आस्था दाखविली, पण बोली लावली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत स्पाइसजेटचे अजय सिंग यांनी निशांत पिट्टी यांच्या बिझी बी कंपनीसह बोली लावली. शारजाच्या स्काय वन कंपनीचीही बोली आली. परंतु विमाने ज्यांची होती, ते स्वस्थ बसले नव्हते. आपली मालमत्ता परत मिळावी म्हणून त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. मे महिन्यात पिट्टी मागे फिरले. २० जानेवारी २०२५ रोजी कंपनी अवसायनात काढण्याचा हुकूम झाला.

या दोन प्रसंगांतील भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. १९५३ साली विकत घेणाऱ्याला विमाने मिळाली. २०२४ साली विमाने गेल्यावर बोलीदारासमोर मुख्यतः नाव, धावपट्टीवरील वेळा आणि न्यायालयातले दावे एवढेच उरले. वैमानिक तर केव्हाच दुसरीकडे रुजू झाले होते. म्हणून अशा कंपनीला वाचवावयाचे तर विमाने उडत असतानाच वाचविले पाहिजे. २०१४ च्या डिसेंबरात स्पाइसजेटला तेल कंपन्यांनी काही तास इंधन नाकारले; तथापि सेवा पूर्ण थांबण्याआधीच, २०१५ च्या आरंभी, अजय सिंग यांनी ती ताब्यात घेतली आणि ती तरली. अर्थात वेळेवर मिळालेला त्राताही सबळ असावा लागतो. २००७ साली एअर डेक्कनमध्ये भाग घेऊन पुढे तिला पोटात घेणारी किंगफिशर २०१२ साली स्वतःच जमिनीवर आली.

२०२५ साली संसदेने नवा कायदा करून विमानमालकांचा हक्क अधिक बळकट केला. भाडे थकल्यास साधारणतः दोन महिन्यांत विमान परत नेण्याची वाट त्यांना मोकळी झाली. हे अन्याय्य म्हणता येणार नाही. मालकाला भरवसा नसेल तर तो भाडे वाढवील आणि तिकीटही महागेल. परंतु यापुढे बुडत्या कंपनीला उसंत कमी मिळणार, हेही तितकेच खरे. या घाईत ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण, ते म्हणजे वेतन थकलेले कामगार आणि आगाऊ पैसे भरून बसलेले उतारू. विमानमालकाला विमान परत मिळते, बँकेच्या हाती तारण असते. या दोघांच्या हाती मात्र कागदच राहतो. त्या कागदाला काही मोल यावे अशी तजवीज कंपनी चालू असतानाच करणे, हे काम अद्याप उरले आहे.