एका रिकाम्या पिनेची कथा

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें आणि अमेरिकेंत सैन्याचीं बिनतारी यंत्रें मोडीच्या भावानें बाजारांत आलीं. विमानांकरितां बनविलेलीं तीं यंत्रें हौशी बिनतारी मंडळींनीं घरीं नेलीं, उघडलीं आणि आपल्या कामास जुंपलीं. एका कामासाठीं घडविलेल्या वस्तूकडून दुसरें काम करून घेण्याची ही परंपरा अद्याप खंडित झालेली नाहीं.

१९७८ सालीं कॅनडांतील माँट्रिऑलच्या हौशी मंडळींनीं ‘पॅकेट’ पद्धतीनें बिनतारी लहरींवरून अक्षरें पाठविलीं. अक्षरांचे सूर आणि सुरांचीं पुन्हां अक्षरें करण्यास त्या काळीं निराळी पेटी लागे. १९९० नंतर तें काम संगणकांतील साउंड कार्ड करूं लागलें. प्रश्न उरला तो एवढाच, कीं ट्रान्समीटरची कळ कोणीं दाबावी? जुन्या संगणकांत सीरियल पोर्टवरून तें साधे. पुढें यूएसबी आलें आणि घरगुती संगणकांतून तें पोर्ट हळूहळू नाहींसें झालें.

उत्तर सांपडलें तें बोटाएवढ्या स्वस्त यूएसबी साउंड अडॅप्टरांत. त्यांपैकीं पुष्कळांत तैवानच्या सी-मीडिया कंपनीची सीएम१०८ ही चिप असे. तिला ४८ पिना. तेरावी पिन संगणकाच्या आज्ञेनें चालू-बंद होते. परंतु गाणीं ऐकणाऱ्यास तिचें कांहींच काम नसल्यामुळें ती बहुधा मोकळीच राही. हौशी माणूस तिला डाख देऊन केंसासारखी तार जोडतो. तारेपुढें एक रेझिस्टर व एक ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर कळेची तार अर्थिंगला भिडवितो, आणि ट्रान्समीटर चालू होतो.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे. दोन पिनांमधील अंतर अर्धा मिलिमीटर! हात किंचित् हलला, तर शेजारची पिनहि चिकटते. कांहीं अडॅप्टरांत चिप काळ्या राळेखालीं गाडलेली असते. तेथें उपाय नाहीं. शिवाय संगणक मध्येंच अडकला तर कळ दाबलेलीच राहते, आणि त्या लहरीवर दुसऱ्या कोणास बोलतां येत नाहीं. म्हणून ट्रान्समीटर ठराविक वेळानें आपोआप बंद होईल, अशी तजवीज आधीं करावी लागते.

वस्तु विकत घेणें निराळें आणि तिचें मर्म जाणणें निराळें. ज्यानें ही पिन कामास लावली, त्याला महागडें कांहींच घ्यावें लागलें नाहीं; चिपेचें माहितीपत्रक मात्र शेवटपर्यंत वाचावें लागलें.