तळटीप १४ : ल्यूकोथिआ

१४. ल्यूकोथिआ : ग्रीक पुराणकथांतील सागरदेवता, संकटातल्या खलाशांची तारणकर्ती. मूळची मानवी स्त्री, थीब्जचा राजा कॅडमस याची मुलगी इनो. बाल डायोनायससला सांभाळल्यामुळे तिच्यावर हेराचा कोप झाला. वेड लागलेला नवरा अथामास जिवावर उठला, तेव्हा धाकटा मुलगा मेलिसर्टिस याला घेऊन तिने समुद्रात उडी टाकली. दोघांनाही देवत्व मिळाले. येथील उल्लेख होमरच्या ‘ओडिसी’तील (सर्ग ५) प्रसंगाचा आहे. पोसायडनच्या वादळात तराफा मोडकळीला आल्यावर ती ओडिसियसला छातीखाली बांधायला आपले शिरोवस्त्र देते आणि किनारा लागताच, तोंड फिरवून, ते समुद्रात परत टाकायला सांगते.